शनिवार-रविवार घरच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम : कुठवर स्वतः करावं?

गोदाकाठचा (शुक्रवार, संध्या. ७.१०)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ची पेट्रोल वॅगन आर आहे. राहायला नाशिकला, इंदिरानगर. गेल्या महिन्यात कसारा घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाज यायला लागला. आता तो सिग्नलला थांबतानाही येतो. सकाळी इंजिन गार असताना गाडी मध्येच एखादा झटका मारते, तापली की ठीक चालते. आणि ऑइल बदलायची वेळ झालेलीच आहे.

एअर फिल्टर, वायपर, बॅटरी, प्लग ही कामं मी बरीच वर्षं घरीच करतो. ऑइलही बदललेलं आहे. ब्रेकला मात्र आजवर हात लावलेला नाही. उद्या-परवा दोन दिवस मोकळे आहेत, तर ऑइल, झटक्याचं कारण आणि पुढचे ब्रेक पॅड हे सगळं मार्गी लावायचा विचार आहे. पार्किंगमध्ये खाली पेव्हर ब्लॉक आहेत, जागा सपाट आहे.

मला हे काम मनापासून आवडतं. आपल्या हाताने खोललेली गाडी चालवताना तिचा प्रत्येक आवाज ओळखीचा होतो. पैसे वाचतात तेही खरं, पण ते दुय्यम. तर प्रश्न असा : घरी कुठवर जावं आणि कुठे थांबावं? ब्रेक त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे? आणि ब्रेकचं काम ज्यांनी घरी केलंय त्यांनी कामाचा क्रम सांगावा.

---

तिसरा_गिअर (संध्या. ७.२५)

वाचतोय. माझी स्विफ्ट पण असाच आवाज करते.

---

हिशोबी (संध्या. ७.४०)

माझं स्पष्ट मत, ब्रेकला घरी हात लावू नये. प्लग चुकला तर गाडी बंद पडेल, तुम्ही ढकलत आणाल. ब्रेक चुकला तर समोरच्या स्कूटरवरची बाई आणि तिचं लेकरू भोगेल. गॅरेजवाला रोज हेच करतो, त्याची मजुरी काही फार नसते. दोन दिवस, वर जॅक, पाने, स्टँड यांचा खर्च. हिशोब कुठेच बसत नाही. आवड म्हणून करायचं तर गाडी धुवा, पॉलिश करा.

---

पानापक्कड (रात्री ८.०५)

हिशोबी, तुमची काळजी रास्त आहे. निष्कर्ष मात्र पटला नाही. डिस्क ब्रेकचे पॅड बदलणं हे ब्रेकच्या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. ब्रेकची तेलाची लाइन उघडावीच लागत नाही. अवघड असते ती तयारी. गोदाकाठचा, क्रम देतो :

गाडी सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. मागच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड किंवा लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा, मग जॅक लावा. पेव्हर ब्लॉकवर जॅक नुसता ठेवू नका, ब्लॉक एका बाजूने खचतो आणि जॅक कलतो. खाली जाड फळी हवी. गाडीसोबत मिळतो तो कात्री-जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो. दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी नसेल तर हे काम सुरूच करू नका. स्टँडवर गाडी टेकली की तिला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा खाली घ्या. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, जास्तीचा आधार.

मग कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबून धरणारा भाग) खालचा बोल्ट काढा, कॅलिपर वर उचला. कॅलिपर पूर्ण काढला तर त्याला रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपर उघडा असताना घरातल्या कुणी ब्रेक पेडल दाबता कामा नये, पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) बाहेर येईल. किल्ली खिशात ठेवा.

नवीन पॅड जाड असतात, त्यामुळे पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश आत ढकलावा लागतो. त्या वेळी वरच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल चढतं. काठोकाठ असेल तर आधी इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं काढून घ्या. ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून पाण्याची बादली शेजारी ठेवा. सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

आणि शेवटचं, पण सर्वात मोठं : चाक लावून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन आत गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबांना पेडल थेट तळाला जातं. हे न करता गाडी काढली तर समोरच्या भिंतीशीच गाठ.

---

ऋतुजा_नारोड (रात्री ८.३०)

पानापक्कड यांना अनुमोदन. एक जोड : ब्रेकवरची काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवा मारू नका. नाका-फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरचा फवारा किंवा ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. आमचे बाबा ओझरला विमान कारखान्यात होते. घरी स्कूटर खोलली तरी आधी जमिनीवर पांढरं धोतर अंथरायचे आणि काढलेला प्रत्येक बोल्ट निघेल त्या क्रमाने त्यावर मांडायचे. काम संपल्यावर धोतरावर काही उरलं तर गाडी पुन्हा खोलायची, असा नियम. मी अजून तेच करते, धोतराऐवजी जुनी चादर. खंडेनवमीला आमच्याकडे त्यांचाच रिंग पान्यांचा सेट पूजेला असतो.

---

चिवडा_कोंडाजी_नव्हे (रात्री ८.३८)

उपयोगी सल्ला माझ्याकडे नाही. रविवारी काम असेल तर सकाळी मिसळ आणून देऊ शकतो. चाक काढलेली गाडी आणि झणझणीत मिसळ, दोन्हींच्या भोवती माणसं आपोआप जमतात.

---

निवृत्त_सातपूरकर (रात्री ९.१५)

धाग्याचा मूळ प्रश्न "कुठे थांबावं" असा आहे, त्याबद्दल लिहितो. माझी सगळी नोकरी सातपूरला इंजेक्टरच्या (इंजिनात इंधन फवारणारा भाग) कारखान्यात झाली. जुने लोक अजून त्याला मायकोच म्हणतात, सर्कललाही तेच नाव आहे.

डिझेल गाडीवाल्यांनो, कॉमन रेल इंजिनाच्या लोखंडी बारीक नळ्या घरी उघडू नका. त्यात १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तुमच्या टायरमधला दाब दोन बारच्या थोडा वर, यावरून अंदाज करा. चालू इंजिनावर गळती कुठे आहे ते बोटाने चाचपायला गेलात तर डिझेलची ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक मोठ्या रुग्णालयात जायचं.

दुसरं कारण स्वच्छतेचं. इंजेक्टरची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची. आम्ही ते भाग ज्या खोलीत जुळवायचो तिथे बाहेरचे बूट चालत नसत. पार्किंगमधल्या धुळीचा एक कण आत गेला तर नवीन इंजेक्टर वाया जातो. डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा, खुशाल करा. त्यापुढे नको.

सीएनजी गाड्यांचंही तसंच. टाकीत २०० बार दाब असतो. तिची, व्हॉल्व्हची, नळ्यांची कसलीही खोलाखोल घरी नाही. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) दर तीन वर्षांनी करायची असते, ती तेवढी तारीख लक्षात ठेवून अधिकृत ठिकाणी करून घ्या.

तिसरी गोष्ट एअरबॅग. स्टिअरिंगखाली किंवा सीटखाली पिवळं आवरण असलेली वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यायचा.

---

गोदाकाठचा (रात्री ९.३५)

काका, हे एवढ्या स्पष्टपणे मला कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. पानापक्कड, ट्रॉली जॅक माझ्याकडे आहे, स्टँड नाहीत. उद्या सकाळी द्वारका सर्कलकडे जाऊन घेतो, त्याशिवाय चाक काढणार नाही.

हिशोबी, तुमचं समोरच्या स्कूटरचं म्हणणं डोक्यात राहिलंय. काम झाल्यावर ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेईन.

---

शून्य_पी (रात्री ९.५०)

गार इंजिनावरच्या झटक्याबद्दल. अंदाजाने प्लग किंवा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवते ती) बदलत बसू नका. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी २ (इंजिनाचे दोष कोडने नोंदवणारी यंत्रणा) आहे, म्हणजे तुमच्या गाडीला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असणार. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर त्यात लावा, फोनवर ॲप घ्या आणि कोड वाचा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिस (इंधन नीट न पेटणं), पी ०३०२ दुसऱ्याला, पी ०३०३ तिसऱ्याला. पी ०३०० आला तर ठरावीक सिलिंडर नाही.

समजा दुसरा सिलिंडर निघाला. तुमच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसा आणि गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी कोड तिसऱ्या सिलिंडरचा आला तर कॉइल खराब. दुसऱ्यावरच राहिला तर मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. एक रुपयाचा सुटा भाग न घेता दोष सापडतो.

---

तिसरा_गिअर (रात्री १०.०२)

शून्य_पी, वाचनखूण साठवली. मला मागे एका गॅरेजात सगळ्या कॉइल बदलायला लावल्या होत्या.

---

मखमलाबादी (रात्री १०.२०)

आमच्याकडे गाडी न चालण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच, उंदीर. घराच्या मागे द्राक्षबाग. छाटणी झाली की सगळे आमच्या बॉनेटमध्ये मुक्कामाला. दोनदा इंजेक्टरची वायर, एकदा एसीचा पाइप. कुणाकडे खात्रीचा उपाय?

---

ऋतुजा_नारोड (रात्री १०.२८)

तंबाखूची पानं पुडीत बांधून ठेवून पाहिली. वास असेपर्यंत फरक वाटला, मग नाही.

---

सिडकोचा_मेस्त्री (रात्री १०.५५)

मखमलाबादी भाऊ, तंबाखू, डांबरगोळ्या, फवारे सगळं तात्पुरतं. उंदीर चाकाच्या वरून आणि खालच्या प्लास्टिकच्या फटीतून चढतो. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तर नवीन लावा. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवा, उंदीर तिथंच घरटं करतो. रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर उजेडामुळं येत नाही, पण कॉलनीत ते जमतं असं नाही. गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवू नका, हा खरा उपाय. आणि गाडीत शेंगदाण्याचा दाणा पडू देऊ नका.

आता ब्रेकबद्दल बोलतो. माझं स्वतःचं गॅरेज आहे, त्यामुळे हिशोबी साहेबांना वाटेल मी त्यांच्या बाजूने बोलणार. तसं नाही. ज्याला शिकायचं त्याने शिकावं. जे गिऱ्हाईक स्वतः पॅड काढून बघतं ते माझ्याकडे येऊन "अजून चालतील ना" म्हणत नाही, त्याला पॅड किती राहिलाय ते समजतं. मला तसं गिऱ्हाईक बरं पडतं.

गोदाकाठचा भाऊ, तुमच्या आवाजाबद्दल. पॅडला एक पत्र्याची जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि चिर्रर्र करते. म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना. पण आवाज फक्त डाव्या बाजूने येतोय, उजवीकडून नाही. दोन्ही पॅड एकाच दिवशी बसवलेले ना? मग एकच बाजू का झिजली, हे शोधल्याशिवाय नवीन पॅड घालू नका. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. डावीकडचे दोन्ही पॅड काढून शेजारी ठेवा. आतला आणि बाहेरचा, दोघांची जाडी बघा. एक पातळ आणि एक जाड निघाला तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत. त्या दोन पिनांवर कॅलिपर आत-बाहेर सरकतो. पिनेवरचा रबरी बूट (टोपण) फाटला की पाणी आत, पावसाळ्यात गंज, मग कॅलिपर अडकतो.

पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, तेच. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पुन्हा जाम. येताना द्वारकेहून पिनांचे रबरी बूट घेऊन या, स्वस्त असतात. लागले नाही तर ठेवा.

---

हिशोबी (रात्री ११.१०)

मेस्त्री, हे तुम्ही सांगितलंत, म्हणून कळलं. घरी करणाऱ्याला "एकच बाजू का" हा प्रश्न कसा सुचणार? माझा मुद्दा हाच आहे. हात सगळ्यांना असतात, नजर वर्षांनी येते.

---

सिडकोचा_मेस्त्री (रात्री ११.१८)

बरोबर आहे. पण नजर यायला कुठून तरी सुरुवात करावीच लागते. माझी पण वस्तादाकडे पाने पुसण्यापासून झाली.

---

माजी_सेक्रेटरी (शनिवार, सकाळी ८.४०)

सोसायटीच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे पार्किंगमध्ये ऑइल बदलण्यावरून मोठं भांडण झालं होतं. फरशीवर काळे डाग, त्यावरून एक आजी घसरल्या. तेव्हा खाली मोठा पुठ्ठा, त्यावर घमेलं, आणि जवळ लाकडाचा भुसा ठेवा. सांडलं तर लगेच भुसा टाकायचा, तो तेल पितो.

आणि ते जुनं ऑइल गटारीत ओतू नका, हात जोडून सांगतो. आपल्या भागातलं पाणी नासर्डीला जातं आणि नासर्डी गोदावरीला. कायद्याने वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे. जुन्या डब्यातच घट्ट झाकण लावून भरा आणि जी गॅरेजं जुनं ऑइल परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्यांना देतात त्यांच्याकडे द्या. आपण सिंहस्थाला रामकुंडावर डुबकी मारणार आणि त्याच गोदावरीत हे सोडणार, हे बरं नाही.

कूलंटही तसंच. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. बशीत उघडं ठेवू नका.

---

मखमलाबादी (सकाळी ९.०५)

कूलंटचं माहीत नव्हतं. आमच्याकडे मांजरी आहेत (तरीही उंदीर). आजच बाटली वर ठेवतो.

---

गोदाकाठचा (शनिवार, दुपारी २.२०)

अर्धा अहवाल. स्टँड, पॅड, बूट, सिलिकॉन ग्रीस, ब्रेक क्लीनर सगळं आणलं. दुकानदाराने पॅड देताना गाडीचा नंबर आणि साल विचारून जुन्या नोंदीशी ताडून दिले, ते आवडलं.

स्कॅनरवर पी ०३०२ आला. दुसऱ्या-तिसऱ्याची कॉइल अदलाबदल करून कोड पुसलाय. उद्या सकाळी निकाल.

ऑइल झालं. इंजिन थोडं चालवून कोमट केलं, मग ड्रेन बोल्ट. त्याचा वायसर नवीन घातला. फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवलं आणि हातानेच आवळला. ऑइल ५डब्ल्यू-३०, मॅन्युअलमध्ये आहे तेच. माजी सेक्रेटरी, पुठ्ठा आणि भुसा दोन्ही होतं, फरशी स्वच्छ आहे. जुनं ऑइल डब्यात.

ब्रेक उद्या, पूर्ण उजेडात.

---

पानापक्कड (दुपारी २.४५)

उत्तम. ऑइल घातल्यावर इंजिन सुरू करून फिल्टरखाली थेंब येतो का बघितलंत ना? आणि बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी पाहायची, लगेच नाही.

---

गोदाकाठचा (दुपारी २.५२)

दोन्ही केलं. पट्टीवर वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे.

---

कसारा_रोजचा (शनिवार, रात्री ९.३०)

पॅडचा विषय निघालाय तर घाटाबद्दल लिहितो. कामासाठी इगतपुरीपासून खाली कायम ये-जा असते. पॅड आणि डिस्क कितीही चांगले असू देत, घाटभर पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषलेल्याचा १४०. डॉट ४ला २३० आणि १५५. जुनं ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून पॅड बदलणाऱ्याने ऑइल किती जुनं आहे तेही बघावं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, वेग इंजिनाला धरू द्यायचा.

गोदाकाठचा, तुमचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

---

निवृत्त_सातपूरकर (रात्री ९.५५)

अगदी योग्य मुद्दा. आणि ते काम, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, पहिल्या वेळी तरी जाणकारासोबत करावं. पॅड बदलणं आणि लाइन उघडणं यांच्यामध्ये मी रेषा ओढेन.

---

गोदाकाठचा (रविवार, दुपारी ४.१०)

पूर्ण अहवाल. थोडा मोठा आहे.

सकाळी गार इंजिन सुरू केलं, फेरी मारली. झटका आला आणि स्कॅनरवर पी ०३०३. दोष कॉइलसोबत तिसऱ्या सिलिंडरवर सरकला. म्हणजे एकच कॉइल खराब. शून्य_पी, तुमचे आभार मानावे तितके थोडे. प्लग काढलेच होते तर बघून घेतले, टोकं फिकट तपकिरी, ठीक आहेत. इंजिन गार असतानाच आणि पहिले आटे हातानेच बसवले. कॉइल उद्या आणेन.

आता ब्रेक. आधी उजवी बाजू खोलली, चांगली बाजू कशी दिसते ते कळावं म्हणून. दोन्ही पॅड सारखे, चारेक मिलिमीटर शिल्लक. कॅलिपर हाताने ढकलला की पिनांवर अलगद आत-बाहेर सरकत होता.

मग डावी. कॅलिपरचा खालचा बोल्ट निघाला, पण कॅलिपर उचलायला गेलो तर वर येईना. टॉमीने हळूच उचकटल्यावर आला. पॅड काढून चादरीवर शेजारी-शेजारी ठेवले (ऋतुजाताई, चादर तुमच्यावरून). बाहेरचा पाच मिलिमीटरच्या आसपास. आतला एका मिलिमीटरच्या आत, एका कडेला पत्रा जवळजवळ उघडा. तीच जीभ डिस्कला घासून चकचकीत झाली होती. मेस्त्री, तुम्ही पॅड न बघता सांगितलंत तसंच तंतोतंत.

खालच्या पिनेचा बूट कडेने चिरलेला होता. पीन हाताने हलेना. पान्याने उजवी-डावीकडे फिरवत फिरवत, मध्ये थांबून, बाहेर काढली. तिच्यावर विटकरी रंगाचा चिखल आणि खाली गंजाचे खड्डे. वरची पीन मात्र स्वच्छ. बारीक एमरी पेपरने पीन घासली, भोक ब्रेक क्लीनर आणि कापडाच्या सुरळीने साफ केलं, आत काळं पाणी निघत होतं ते थांबेपर्यंत. नवीन बूट, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, आणि पीन बसवली तर बोटाने दाबून आत गेली आणि सोडल्यावर थोडी परत आली. तो क्षण फार समाधानाचा होता. चौथीतली मुलगी शेजारी बसून होती, तिनेही बोटाने दाबून पाहिलं.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. शेजारच्या काकांकडून व्हर्नियर घेऊन मोजली, दोन्ही बाजूंना अजून वाव आहे. नवीन पॅड दोन्ही चाकांना घातले, एकाच बाजूला नाही. बाटलीतलं ऑइल सिरिंजने आधीच कमी केलं होतं. चाकं लावली, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं, मगच किल्ली लावली.

कसारा_रोजचा, ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद मागच्या तीन वर्षांत दिसत नाही. रंगही गडद आहे. ते मी केलं नाही. सातपूरकर काकांची रेषा मान्य. उद्या गॅरेजमध्ये ते काम आणि सगळ्याची तपासणी एकत्र करून घेतो.

---

हिशोबी (दुपारी ४.३५)

मनापासून अभिनंदन. आतला पॅड एक मिलिमीटरवर आणि बाहेरचा पाचवर, हे वाचून मी आत्ता खाली जाऊन आमच्या गाडीचं चाक वळवून टॉर्च मारली. बाहेरचा दिसतो, आतला नीट दिसत नाही. आजवर सर्व्हिसच्या कागदावर "ब्रेक पॅड ठीक" वाचून समाधान मानत होतो. कोणता पॅड बघितला हे विचारलंच नाही. पुढच्या सर्व्हिसला समोर उभा राहून दोन्ही काढून दाखवायला सांगेन. खोलणार मात्र नाही, माझं मत कायम.

---

ऋतुजा_नारोड (दुपारी ४.५०)

हिशोबी काका, समोर उभं राहून बघणं हेही निम्मं शिकणंच आहे.

गोदाकाठचा, मुलीला पीन दाबायला दिलीत ते फार आवडलं. पुढच्या वेळी टायरची हवा मोजायचं काम तिच्याकडे द्या. मी आठवीत होते तेव्हा बाबांनी ते मला दिलं आणि लग्न होईपर्यंत दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

---

सिडकोचा_मेस्त्री (संध्या. ५.३०)

छान काम. दोन गोष्टी. पिनेवर गंजाचे खड्डे म्हणालात, खड्डे खोल असतील तर ती पीन पुढच्या पावसाळ्याआधी बदलून घ्या. ग्रीस खड्ड्यात धरत नाही, पुन्हा पाणी बसेल. आणि नवीन पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. पहाटे मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने जाऊन मध्यम दाबाने वीसपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं चालवून गार होऊ द्यायचं. असं आठ-दहा वेळा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट नको आणि जोराचा ब्रेक टाळा.

---

गोदाकाठचा (संध्या. ५.४८)

पीन पण उद्याच घेतो मग. पॅड बसवायला पहाटे पेठ रोडला जाईन, आरटीओच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो.

---

तिसरा_गिअर (संध्या. ६.०५)

मी पाथर्डी फाट्याला राहतो, तुमच्यापासून जवळ. ते स्टँड एका शनिवारासाठी मिळतील का? माझ्या स्विफ्टचा आवाज उजवीकडून येतो. आतला-बाहेरचा दोन्ही पॅड बघायचेत.

---

गोदाकाठचा (संध्या. ६.१२)

नक्की. स्टँड, सी-क्लॅम्प आणि टॉर्क पाना तिन्ही घेऊन मीच येतो, मलाही अजून एक कॅलिपर बघायचा आहे. जाड फळी तेवढी तुमची शोधून ठेवा. आणि पिनांचे बूट आधीच आणून ठेवा. दुकान रविवारी बंद असतं, मध्येच लागले तर गाडी दोन दिवस स्टँडवरच राहील.